साडेबाराचा नैवेद्य

अलास्काची सहल आटोपून नाशिकला घरी परतल्याला तीन दिवस झाले होते, आणि राजोपाध्यांच्या घरात कुणीही पेंगत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी कॅनडाहून आले तेव्हा मोरेश्वरराव आठवडाभर भर दुपारी घोरत पडायचे आणि पहाटे तीनला टक्क जागे होऊन फ्रीज धुंडाळायचे. वैजयंतीनं तर एका आमटीत दोनदा मीठ घातलं होतं आणि वर ती खारट कशी झाली म्हणून सगळ्यांना विचारत सुटली होती. जेट लॅग, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत विमानशीण, ही तेव्हा लांबच्या सहलीची न चुकणारी शिक्षा होती. आता दंडावर पोस्टाच्या तिकिटाएवढी कालपट्टी चिकटवली की झालं.

पट्टीच्या पोटात केसाहून बारीक शेकडो सुया असायच्या. शरीर कुठल्या गावच्या वेळेनं चाललंय ते त्या रक्तावरून ताडायच्या आणि औषधाचे सूक्ष्म थेंब सोडत देहातलं घड्याळ रेटत रेटत इथल्या वेळेवर आणायच्या. काम फत्ते झालं की पट्टीवरचा ठिपका हिरवा. राजोपाध्ये नवराबायकोचे दोन्ही ठिपके रविवारी सकाळीच हिरवे झाले होते.

"बघ वैजू, याला म्हणतात विज्ञान!" सोमवारी रिकाम्या बॅगा माळ्यावर चढवता चढवता मोरेश्वरराव म्हणाले. "साडेतेरा तासांचा फरक, आणि तिसऱ्या दिवशी मी एकदम टवटवीत. उद्यापासून कामावर हजर."

"हो ना," वैजयंती म्हणाली आणि दुधीभोपळा किसत राहिली.

ती टवटवीत नव्हती. डोळ्यांवर झोप नव्हती हे खरं, डोकंही ठिकाणावर होतं. पण तीन दिवस दुपारचा घास तोंडातल्या तोंडात फिरत होता, गिळवत नव्हता. आणि रात्री साडेआठ वाजले की पोटात अशी आग पडायची, की पातेली खरवडून खावीत. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर मागचं सगळंच सांगावं लागलं असतं.

बाराला दहा कमी असताना हॉस्पिटलातून फोन आला. दिगूला पहाटे तिथं आणलं होतं.

दिगंबर, म्हणजे दिगू, हा वैजयंतीचा धाकटा भाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचा, लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता, आणि अक्काशिवाय त्याला जवळचं कुणी नव्हतं. आषाढात त्याला कावीळ झाली होती. ती उतरतेय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यानंच बहिणीला विमानात बसवून दिलं होतं. "अक्का, माझ्या पिवळ्या डोळ्यांपायी तुझी अलास्का बुडवू नकोस," असं हसत म्हणाला होता. ती कावीळ उतरली नव्हती, आतल्या आत दबा धरून बसली होती. आता यकृतानं हात टेकले होते.

किसणी तशीच टाकून वैजयंती निघाली. जेवणाचा प्रश्नच नव्हता.

* * *

यकृत देणाऱ्याच्या तपासण्या पूर्वी म्हणे आठवडाभर चालायच्या. इथं दोन तासांत उरकल्या. रक्तगट जुळला, वय एकोणपन्नास म्हणजे चालण्यासारखं, यकृताचा आकार उत्तम. दुपारी अडीचला डॉक्टर शहनाज इनामदारांनी नवराबायकोला आपल्या खोलीत बसवलं. बाई बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत.

"वैजयंतीताई, स्पष्टच सांगते. तुमच्या लिव्हरचा उजवा तुकडा भावाला लावायचा. तुमचं उरलेलं दोन महिन्यांत पुन्हा भरून येईल. ऑपरेशन चार वाजता. त्यांच्या मेंदूला सूज चढतेय. रात्री नऊनंतर काही करण्यासारखं उरणार नाही."

"काढा तुकडा," वैजयंती म्हणाली. "सही कुठं करू?"

"थांबा. एक गोष्ट आधी. तुम्ही तीन दिवसांपूर्वी अलास्काहून आलात ना? पट्टी लावली होती?"

मोरेश्वररावांनी फोन पुढे केला. "हिरवी झालीय. हा बघा अहवाल."

डॉक्टरांनी तो वाचला आणि मान हलवली. "ठीक दिसतंय. कसं आहे, ऊन बघून चालतं ते फक्त मेंदूतलं घड्याळ. लिव्हरला कुठलं ऊन दिसायला? त्याचं घड्याळ वेगळं, ते जेवणावर चालतं. रोज ज्या वेळी पोटात अन्न पडतं ती त्याची दुपार. दिगंबरचं शरीर नाशिकच्या वेळेनं चाललंय, तेव्हा येणारा तुकडाही त्याच वेळेवर हवा. नाहीतर शरीर म्हणणार काम कर, आणि तुकडा म्हणणार माझी झोपायची वेळ झाली. धडधाकट माणूस ही ओढाताण चार दिवस सोसतो. ते चार तास सोसणार नाहीत."

"पण पट्टीनं तेही जुळवलंय ना?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"जुळवलंय. पण पट्टीला लिव्हरची वेळ थेट कळत नाही. तुम्ही तिकडे कधी जेवत होतात, त्या नोंदीवरून ती अंदाज बांधते आणि तेवढं लिव्हर पुढेमागे सरकवते. म्हणून विचारते. नोंद बरोबर आहे ना?"

"चोख आहे!" मोरेश्वरराव म्हणाले. "दोघांचीही मीच भरलीय. नाश्ता आठला, जेवण एकला, रात्रीचं आठला. एकवीस दिवस, एकही चुकलेलं नाही. ही माझ्या शेजारी बसूनच जेवायची की."

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला, पेन दिलं, आणि नर्सनं हाक मारली म्हणून दोन मिनिटांसाठी बाहेर गेल्या.

ती शेजारी बसायची, पण जेवायची नाही.

मागच्या मार्गशीर्षात उपास करकरून ती जिन्यात चक्कर येऊन पडली होती आणि मनगट मोडून घेतलं होतं. तेव्हा मोरेश्वररावांनी तिच्याकडून शपथच घेतली होती. यापुढं उपासतापास बंद. तिनंही घेतली. आणि मग आषाढात दिगूचे डोळे पिवळे झाले. वैजयंतीनं देवापुढं उभं राहून चातुर्मासभर एकभुक्त राहायचं मनाशी बोलून टाकलं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही घरच्या देवांना नैवेद्य दाखवून झाल्यावर. दिगू बरा होऊ दे, एवढंच मागणं. नवऱ्याला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. तिनं सांगितलं नाही. एरवी दुपारी ते कामावर असायचे, त्यामुळे निभावून गेलं.

सहलीत काय करायचं? देव नाशिकला, आपण अलास्कात. देव उपाशी असताना आपण कसं जेवायचं? तिनं मुलीला, रुचिराला, विश्वासात घेतलं. रुचिरा रोज साडेबाराला नैवेद्य दाखवून त्याचा व्हिडिओ पाठवायची. तेव्हा तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले. मोरेश्वरराव दहालाच घोरायला लागायचे. वैजयंती बाथरूमचं दार लावून घ्यायची, टबाच्या काठावर बसायची आणि दशम्या, दाण्याची चटणी, सहलवाल्यांनी दिलेला भात असं पोटभर जेवायची. दिवसभर चहा, नाहीतर एखादं फळ. ताटातलं काय व्हायचं? हिमनदीचे फोटो काढण्यात गुंग असलेल्या नवऱ्याच्या ताटात ती हळूच सरकवायची. "अगं, इथली हवाच अशी, भूक मरतच नाही," असं म्हणत ते दोघांचंही संपवायचे.

खुर्चीत बसल्या बसल्या तिनं बोटांवर तास मोजले. पुन्हा मोजले. तिचं यकृत अलास्काला गेलंच नव्हतं! एकवीस दिवस ते मुकाट्यानं नाशिकच्या दुपारी साडेबाराला जेवत होतं. आणि परत आल्यावर ते तिकडूनच आलंय असं समजून पट्टीनं त्याला उलटं ढकलत नेलं होतं. मग रात्री साडेआठची ती आग! त्याची दुपार आता रात्री साडेआठला होत होती.

"कर ना सही," मोरेश्वरराव म्हणाले. "वेळ जातोय."

तिनं पेन उचललं. बोलले तर ऑपरेशन थांबेल. दुसरा कुणी देणारा नाही, आणि नऊपर्यंत मिळणारही नाही. नाही बोलले तर? कदाचित निभेलही. डॉक्टर आपल्या परीनं भीती घालतातच. शिवाय बोलायचं म्हणजे ह्यांच्यासमोर बोलायचं. ज्यांची शपथ मोडली त्यांच्यासमोर.

तिनं सही केली.

* * *

टेबलावर घेण्याआधी तिला दिगूला बघायचं होतं. काचेपलीकडे तो पडला होता. पिवळा म्हणजे किती पिवळा! हळदीत बुचकळून काढावा तसा. ओठ हलत होते. नर्सनं दार किंचित उघडलं, तेव्हा शब्द ऐकू आले. तो रंगांची नावं घेत होता. वर्गात मुलांना सांगत असल्यासारखा, एकेक रंग, मध्येच विसरत, पुन्हा पहिल्यापासून.

वैजयंतीनं मागे वळून डॉक्टर इनामदारांची बाही धरली.

"बाई, तुकड्याची वेळ चुकलेली असली, तर नक्की काय होतं हो?"

"आत्ता का विचारताय?"

"सांगा ना."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुकडा जागा व्हायच्या आत माणूस जातो."

"मग थांबवा," वैजयंती म्हणाली. "ती नोंद खोटी आहे. मी तिकडे रात्री अकराला जेवत होते. रोज. फक्त एकदाच. इथल्या साडेबाराला."

मोरेश्वरराव दोन पावलांवर उभे होते. त्यांना आधी काही कळलंच नाही. "काहीतरीच काय बोलतेस? घाबरलीय हो ती, डॉक्टर. माझ्या शेजारी..."

"अहो, मी जेवत नव्हते!" ती जवळजवळ ओरडलीच. "तुमच्या ताटात घालत होते."

बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर खडखडत गेलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टर इनामदारांचा चेहरा लाल झाला. "पाऊण तासात मी तुमचं पोट उघडलं असतं, ताई! कशाची वाट बघत होतात?" मग त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि आवाज खाली आणला. "पुरावा आहे का काही? नेमक्या वेळा हव्यात मला. अंदाज नको."

"व्हिडिओ आहेत. रुचिराचे."

तिनं फोन काढून डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी भराभर वेळा टिपून घेतल्या. बारा तेहतीस. बारा चाळीस. एकदा रुचिराला उशीर झाला होता, तेव्हा सव्वा. डॉक्टर तपासणीची तयारी करायला धावल्या आणि फोन मोरेश्वररावांच्या हातात राहिला. ते एकेक व्हिडिओ लावून बघत राहिले. वरण-भात, भाजी, त्यावर ठेवलेलं तुळशीचं पान, आणि लेकीचा हळू आवाज, "झालं गं आई, आता जेव."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वैजयंतीला वाटलं.

* * *

यकृताची वेळ थेट ओळखायची तर त्यात सुई घालून कणभर पेशी काढाव्या लागतात. एरवी कुणी ते करत नाही. वैजयंतीनं दात आवळून ते करून घेतलं. चाळीस मिनिटांनी निकाल आला.

"आठ तास मागे," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता इथं दुपारचे चार वाजतायत. तुमच्या लिव्हरमध्ये सकाळचे आठ."

"मग? आता?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"पट्टी काढून नीट जेवण सुरू केलं तर चार-पाच दिवसांत लिव्हर आपोआप ताळ्यावर येईल. पण आपल्याकडे पाच तास आहेत." त्या खोलीत दोन येरझारा घालून थांबल्या. "एक मार्ग आहे. आजवर कुणावर केलेला नाही, हे आधीच सांगते. दोन तासांचा फरक असला तर नवा तुकडा सांभाळून घेतो. म्हणजे मला मधले सहा तास मिटवायचेत. तुमचं लिव्हर शिरेतून साखर आणि औषध देऊन दोन तास पुढे ओढता येईल. त्याहून जास्त ओढलं तर ते इतकं थकेल, की काढून उपयोग नाही. उरलेले चार तास दिगंबरला मागे न्यायचं. सगळ्या शरीरालाच. हृदय, मूत्रपिंडं, आतडी, सगळ्यांना."

"ह्या अवस्थेत?"

"ह्याच अवस्थेत. त्यात हृदयाची लय अडखळू शकते. थांबूही शकतं. मी खोटं सांगणार नाही, शंभरात साठ म्हणेन फार तर. काहीच केलं नाही तर शून्य. त्यांच्या वतीनं सही जवळच्या नातेवाइकानं करायची."

जवळची नातेवाईक म्हणजे वैजयंतीच. घ्यायचा तुकडाही तिचा, आणि भावाचं हृदय पणाला लावायची सहीही तिची. तिला वाटलं, कुणीतरी म्हणावं, हे तू करू नकोस, आम्ही बघतो. असं म्हणणारं कुणी नव्हतं.

"त्याला विचारता नाही येणार?" तिनं विचारलं.

"शुद्ध नाही त्यांना."

तिनं सही केली. ह्या वेळी अक्षर वेडंवाकडं आलं.

नर्स सलाईन घेऊन आली. नळीतून साखर जाणार होती, म्हणजे यकृताच्या लेखी हे भरपेट जेवण. आणि मग साडेआठला, ऑपरेशन सुरू व्हायच्या वेळी, दुसरं. दिवसातली दोन जेवणं. वैजयंतीनं हात पुढे केला, तेवढ्यात मोरेश्वरराव कॉटशी वाकले.

"वैजू, तुझं ते... एकभुक्त. मोडेल ना आज?"

त्यांच्या आवाजात टोमणा आहे का, हे तिनं कान देऊन ऐकलं. नव्हता. ते खरंच विचारत होते.

"मोडू दे," ती म्हणाली. "लावा हो सलाईन."

पुढचे साडेचार तास कुणी खाली टेकलं नाही. दिगूच्या दंडाला एक नव्हे, सहा पट्ट्या लावल्या होत्या, दवाखान्यात वापरतात त्या जोरदार. डोळ्यांवर पहिल्यांदा झाकण आणि मग प्रखर दिवा, अंगावर आधी थंड आणि मग गरम चादर. शरीराला फसवायचे जितके मार्ग माहीत होते तितके डॉक्टर इनामदारांनी वापरले. सहा वाजता त्याच्या हृदयाचा आलेख अडखळला. यंत्र किंचाळलं. वैजयंती त्याच्या शेजारीच ठेवलेल्या कॉटवरून उठायला गेली, तर नर्सनं खांदे धरून तिला दाबून ठेवलं. अकरा सेकंद. मोरेश्वररावांनी ते मोठ्यानं मोजले, आणि बारावा आकडा म्हणायच्या आत आलेख पुन्हा उठला. आठला दुसऱ्यांदा तसंच झालं. त्या वेळी त्यांनी मोजलं नाही, डोळे मिटून घेतले.

साडेआठला डॉक्टर म्हणाल्या, "अडीच तासांचा फरक राहिलाय. याहून जास्त ताणवत नाही. चला."

* * *

वैजयंतीला शुद्ध आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. पोटात उजवीकडे कुणी तापलेला तवा ठेवल्यासारखं भाजत होतं.

"दिगू?"

"आहे," कॉटशेजारच्या खुर्चीतून मोरेश्वरराव म्हणाले. त्यांची दाढी वाढली होती. "आज बुधवार. मधे तू दोनदा जागी झालीस आणि दोन्ही वेळा हेच विचारलंस."

तेवढ्यात डॉक्टर इनामदार आल्या. तुकडा दहा तास गप्प बसला होता, त्या सांगू लागल्या. मंगळवारी सकाळी तर त्यांनीच आशा सोडली होती. मग साडेअकराच्या सुमाराला नळीतून पित्ताचा पहिला थेंब आला, हिरवागार. आता रक्त सुधारतंय. मेंदूची सूज उतरतेय. आज सकाळी त्यानं डोळे उघडले आणि नर्सला स्वतःचं नाव सांगितलं. अजून आठवडाभर काही खात्री देता येणार नाही. हृदयानं जे सोसलं त्याचा परिणाम किती, तेही आत्ताच कळणार नाही. पण आजच्या घडीला तो आहे.

वैजयंती रडली. टाके ताणले तरी तिला थांबता येईना. डॉक्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि जाता जाता मोरेश्वररावांना म्हणाल्या, "तुम्हीही घरी जाऊन थोडं झोपा. दोन दिवस बघतेय तुम्हाला."

ते गेले नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसले. वैजयंतीनं डोळे पुसावेत म्हणून हात हलवला, तर तो सलाईनच्या नळीत अडकला. त्यांनी रुमालानं तिचे डोळे पुसले. आता बोलतील, तिला वाटलं. शपथेबद्दल बोलतील, खोटेपणाबद्दल, दिगूच्या जिवाशी झालेल्या खेळाबद्दल. ती तयार होती. सगळं खरंच होतं.

"रागवा ना," ती म्हणाली. "मी शपथ मोडली. तुमच्याशी खोटं वागले."

"रागवायचं होतं," ते म्हणाले. "सोमवारी फार राग आला होता. बाहेर त्या बाकावर बसून मी तुला काय काय बोलायचं ते ठरवत होतो." ते हातातल्या रुमालाची घडी घालत राहिले. "मग मला आठवायला लागलं. एकवीस दिवस, रोज तीन वेळा, मी तुझ्या शेजारी बसलो. ती नोंद मी भरली. कुणी विचारलं असतं तर कोर्टात उभं राहून सांगितलं असतं, ही जेवली म्हणून. अगं, माझ्याच ताटात पडत होतं सगळं, आणि मला दिसलं नाही."

"मी लपवत होते ना. कसं दिसणार?"

"रुचिरा हजारो मैलांवर होती. तिला माहीत होतं." त्यांनी मान वर केली. डोळे लाल होते. "सत्तावीस वर्षं झाली, वैजू, आपण शेजारी बसून जेवतोय. आणखी काय काय दिसलं नाही गं मला?"